नऊ नंबरातली तूट

नकाशा कपाटात होता तोवर बरोबर होता. सव्वीस वर्षं तो लोखंडी कपाटात गुंडाळी करून उभा होता आणि त्या सव्वीस वर्षांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. तो पाहायचा तर अर्ज करावा लागे, अर्जाचा नमुना संपलेला असे, आणि नमुना आला की कपाटाचा किल्लीवाला रजेवर असे. मग मोजणी कार्यालयाने जनतेच्या सोयीसाठी सगळे नकाशे वेबसाइटवर टाकले. दुसऱ्याच आठवड्यात जनतेला शोध लागला की दोन बोटांनी नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो. त्या दिवसापासून कार्यालयाचं स्वास्थ्य बिघडलं ते बिघडलंच.

एका गृहस्थांची विहीर रस्त्याच्या मधोमध निघाली. एका बाईंना समजलं की पोस्टाचा अर्धा काउंटर त्यांच्या मालकीचा आहे. त्या कोणता अर्धा, एवढंच विचारायला आल्या होत्या. मोजणीदार अशांना खिडकीतून शांतपणे सांगत, "नकाशा चुकत नाही हो. तुम्ही तो फार जवळून बघताय." हे उत्तर त्यांचं स्वतःचं होतं आणि त्यांना ते आवडत असे. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. एवढ्या मुदतीला हे उत्तर पुरेल असा त्यांचा अंदाज होता.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो अंदाज चुकला.

अर्ज ड्रॉइंगमास्तरांचा होता. शाळेतून निवृत्त होऊन घर बांधायला निघालेले मास्तर. अक्षर छापल्यासारखं, आणि सोबत पेन्सिलीने काढलेली आकृती. अर्जातली हकिगत अशी: छापखान्याच्या गल्लीतला दहा नंबरचा प्लॉट त्यांचा. नकाशात रुंदी बारा मीटर. प्रत्यक्षात दहा मीटर साठ. उरलेल्या एक मीटर चाळीसवर शेजारच्या नऊ नंबराचा जिना उभा आहे. सबब अधिकृत मोजणी करून अतिक्रमण हटवावं.

मोजणीदारांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. नऊ नंबर त्यांच्या लेकीचा होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी ती बापाची काळजी झाली असती, आणि बापाच्या काळजीची त्यांना सवय होती. पण तिसऱ्यांदा अर्ज वाचला तो बापाने नव्हे, मोजणीदाराने. एक मीटर चाळीस हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता.

ते रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिथल्या माणसाला सगळे वाळवी म्हणत, कारण कार्यालयातला प्रत्येक कागद त्याने आतून पाहिलेला होता.

"छापखाना गल्लीची मोजणी वही हवी. जुनी."

"तुमच्याच हातची ना ती?" वाळवी म्हणाला. "कशाला हवी? नकाशा चुकत नाही ना?"

"वेळ घालवू नकोस."

"रजिस्टरात सही करा. तारीख, वेळ, कारण."

कारणाच्या रकान्यात त्यांनी 'संदर्भ' असं लिहिलं. वाळवीने ते डोकं वाकडं करून वाचलं, आणि सुतळीने बांधलेली वही काढून दिली. हिरव्या पाठीची, कोपरे उंदरांनी थोडे थोडे तपासलेले.

चौदाव्या पानावर होतंच. स्वतःच्याच तरुण, तिरक्या, फार हुशार अक्षरात: 'एकूण तूट १.४०. नं. ९ मध्ये जिरवली.'

ही जिरवण्याची पद्धत कोणत्याही नियमपुस्तकात नव्हती आणि कार्यालयात ती सगळ्यांना येत होती. गल्लीत अकरा प्लॉट. प्रत्येकाच्या कागदावर रुंदी बारा मीटर, म्हणजे एकशेबत्तीस. आणि या टोकाच्या दगडापासून त्या टोकाच्या दगडापर्यंत जमीन भरली एकशेतीस मीटर साठ. कागद मोठा, जमीन छोटी. नियम सांगतो की तूट सगळ्यांत सारखी वाटा, प्रत्येकी तेरा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. पण सगळ्यांत वाटायची म्हणजे अकरा जणांना सांगायचं, अकरा जणांच्या सह्या घ्यायच्या आणि अकरा जणांच्या शिव्या खायच्या. तेव्हाच्या थोरल्या आरेखकाने नव्या मोजणीदाराला कानमंत्र दिला होता: "मोकळा प्लॉट बघ आणि त्यात टाक. कागदावर त्यालाही बाराच लिही. जमिनीच्या पाचशेपट लहान नकाशात तीन मिलिमीटरसुद्धा होत नाहीत. शाईच्या रेघेखाली जातं सगळं."

"पण नऊ नंबर कोणाचा आहे?" नव्या मोजणीदाराने विचारलं होतं.

"कोणाचाच नाही. म्हणजे असेल कोणाचा तरी. येत नाही कोणी."

पूर्वेकडून आठ प्लॉट चोख बारा मीटर, पश्चिमेकडून दोन चोख बारा मीटर, आणि मधे नऊ नंबर, पोट आत ओढून उभा. सव्वीस वर्षं तो तसाच उभा राहिला. मग दोन वर्षांपूर्वी तो विकायला निघाला, आणि लेक मोबाइल घेऊन आली. "बाबा, हा प्लॉट बघा ना. वेबसाइटवर नकाशा आहे." बाबांनी दोन बोटांनी नकाशा मोठा केला. बारा मीटर. खालच्या कोपऱ्यात त्यांना स्वतःची सही दिसली. आयुष्यात हजारो प्लॉट मोजलेल्या माणसाला नऊ नंबर कसा आठवणार? पण सही ओळखीची होती आणि सहीवर त्यांचा विश्वास होता. ते म्हणाले, "डोळे झाकून घे."

तिने घेतला. मिस्त्रीने आठ नंबराच्या भिंतीपासून बारा मीटर मोजले आणि घर बांधलं. पलीकडे दहा नंबर मोकळा, मग अडवणार कोण? खाली लेकीची सासू, वरच्या खोलीत लेकीचा शिवणवर्ग, आणि बाहेरून जिना, म्हणजे शिकायला येणाऱ्या बायकांना सासूबाईंच्या अंगावरून जावं लागू नये. तो जिना नसता तर वर्ग नव्हता, आणि वर्ग नसता तर सासू-सुनेचं काय झालं असतं ते मोजायला कार्यालयाकडे साधन नव्हतं.

मोजणीदारांनी वही पिशवीत घातली, डब्याच्या खाली. वही परत द्यायची मुदत आठ दिवस होती.

साहेब वयाने लहान होते आणि वस्तुस्थितीपेक्षा नियम त्यांना जास्त चांगले माहीत होते.

"मला ही मोजणी करता येणार नाही," मोजणीदार म्हणाले. "नऊ नंबर माझ्या मुलीचा आहे."

"बरोबर. नात्यातली मोजणी करता येत नाही. मशीन घेऊन ती नवी मुलगी जाईल." साहेबांनी फाइल उलटली. "पण अडचण अशी की मशीनला पश्चिमेच्या टोकाचा दगड लागतो आणि तो दगड बघितलेला माणूस कार्यालयात एकच उरलाय. तुम्ही खूण दाखवायला जा."

"नात्यात चालतं ते?"

"खूण दाखवणाऱ्याबद्दल नियमात काहीच म्हटलेलं नाही," साहेब समाधानाने म्हणाले. "मी बघितलं."

वहीची गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. मोजणीदारांनी तोंड उघडलंही. पण साहेबांचा फोन वाजला आणि तोंड उघडं राहिल्यासारखं दिसू नये म्हणून त्यांनी जांभई दिली.

लेकीला आलेल्या मोजणीच्या नोटिशीबद्दल घरी बायकोने आधीच ऐकलं होतं. लेकीचा फोन तीनदा येऊन गेला होता.

"तुम्हीच म्हणालात ना तिला, डोळे झाकून घे?"

"हो."

"मग आता उघड म्हणावं का तिला?"

बायको त्यांना एकतीस वर्षं ओळखत होती. ती थोडा वेळ त्यांच्याकडे आणि थोडा वेळ त्यांच्या पिशवीकडे बघत राहिली. पिशवी त्यांनी खुंटीला न लावता मांडीवर धरली होती.

गुरुवारी सकाळी नऊला सगळे गल्लीत हजर होते. मशीनवाली मुलगी तिपाई लावत होती. तिचं मशीन उपग्रहांशी बोलत असे आणि एका सेंटिमीटरच्या वर चुकत नसे. ते तिने मास्तरांना, छापखानेवाल्याला आणि रस्त्याने जाणाऱ्या दोन माणसांना सांगून झालं होतं. ड्रॉइंगमास्तर स्वतःची टेप, स्वतःचा दोरा आणि स्वतःची छत्री घेऊन दहा नंबरात उभे होते, सेनापतीसारखे. जिन्याच्या कठड्यावरून शिवणवर्गातल्या चार बायका वाकून बघत होत्या.

लेक खाली आली. गळ्यात शिवणाची टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून म्हणाली, "बाबा, तुम्ही पण आलात?"

मास्तरांची छत्री हलली. "बाबा?"

मोजणीदार घाईने म्हणाले, "मी मोजत नाही. फक्त खूण दाखवायला आलोय."

"अच्छा. म्हणजे घरचंच कार्य आहे." मास्तर दोरा गुंडाळू लागले. "आहेराचं सांगा, कोणी कोणाला द्यायचा?"

"काका, नियमात आहे," मशीनवाली म्हणाली. "म्हणजे नियमात नाहीये, म्हणून चालतं."

"मी तीस वर्षं पोरांना सरळ रेघ शिकवली बाई. मला फक्त एक सरळ रेघ दाखवा. मग ती कोणाच्या बापाने दाखवली ते मी विचारणार नाही."

पूर्वेचा दगड जागेवर होता. तिथून मशीनवालीने आठही भिंती टिपल्या: बारा, बारा, बारा, ओळीने. मग सगळे पश्चिमेच्या टोकाला गेले. अकरा नंबर म्हणजे छापखाना. त्याचं कुंपण पत्र्याचं. कुंपणाला लागून ओढ्याकडे जाणारी वाट, आणि वाटेच्या पलीकडे ओढ्याचा कठडा. दगड कुंपणाच्या कोपऱ्यावर असायला हवा होता.

तो तिथे नव्हता. मशीनवालीने कोपऱ्यावर पहारीने खणून बघितलं, माती, विटांचे तुकडे, एक चप्पल.

"चौकोनी दगड का?" छापखानेवाला म्हणाला. "वर चौकडीची खूण? तो होय! तो आम्ही यंत्राखाली घातला. यंत्र हलायचं. सात-आठ वर्षं झाली. काय छान बसलाय म्हणून सांगू!"

आत जाऊन बघितलं. खरंच छान बसला होता. यंत्र जराही हलत नव्हतं.

मोजणीदारांना एकदम दिसलं, स्वच्छ, एखाद्या नकाशासारखं. दगड नाही. दगड कुठे होता हे सांगणारा माणूस एक. त्या माणसाने दगड कुंपणाच्या कोपऱ्याऐवजी एक मीटर चाळीस पश्चिमेला, वाटेत दाखवला, की संपलं. एकूण एकशेबत्तीस. मास्तरांना बारा मीटर, छापखान्याला बारा मीटर, लेकीला बारा मीटर आणि जिना. छापखान्याने पत्रा तेवढा पुढे सरकवायचा, अर्ध्या दिवसाचं काम. उपग्रहांनाही संशय येणार नव्हता. माणूस बोट दाखवेल ती जागा ते सेंटिमीटरपर्यंत अचूक टिपणार होते. वही पिशवीत होती. ओढा दहा पावलांवर होता, आणि मोजणीत वह्या ओढ्यात पडल्याच्या नोंदी कार्यालयात पूर्वीही झालेल्या होत्या.

"सर, कुठे होता?" मशीनवालीने विचारलं. तिच्या हातात काठी होती, वर मशीन. "तुम्ही दाखवाल तिथे टेकवते."

त्यांचं बोट उठलं. ते कुठे निघालंय हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. त्यांनी वाटेकडे बघितलं, आणि तीही त्यांच्या नजरेबरोबर वाटेकडे वळली.

"तिकडे का?" ती हळूच म्हणाली. पोरगी हुशार होती. तिनेही मनात बेरीज केली होती. "बसेल सर. वाटेतच जाईल ना? वाट काही तक्रार करत नाही. मला ऑफिसात सांगितलंय, अशा वेळी मोकळं बघून जिरवायचं असतं."

"कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात. तुम्हीच शिकवलंय म्हणे सगळ्यांना."

तेवढ्यात कचऱ्याची गाडी वाटेत शिरली, उलटी. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. एका हाताने त्याने बाजूचा आरसा दुमडून घेतला, गाडी पत्र्याला आणि कठड्याला समान घाबरत मागे आली आणि त्यांच्यापाशी थांबली.

"मोजणी चाललीय का साहेब?" ड्रायव्हर म्हणाला. "इथे खांब-बिंब लावू नका हं काही. आधीच आरसा दुमडावा लागतो. अजून काढलं तर मला कान दुमडून यावं लागेल."

शिवणवर्गातल्या बायका हसल्या. लेकही हसली. मोजणीदारांना हसू आलं नाही. उद्या सकाळी हा माणूस याच वेळी इथे येईल आणि अडकेल. मग तो अर्ज करेल. मग कोणीतरी मोबाइल काढून दोन बोटांनी वाट मोठी करेल, आणि तिथे वाटेची रुंदी तीन मीटर लिहिलेली असेल, खाली यांची सही असेल. सहीवरच तर सगळे विश्वास ठेवत होते.

बोट खाली आलं. त्यांनी कुंपणाच्या कोपऱ्यात पाय ठेवला. "इथे. इथेच होता."

मशीनवालीने काठी टेकवली. मशीन किणकिणलं. "एकशेतीस साठ," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग थोडा उतरला. "म्हणजे सर, नऊ नंबर..."

"थांब." त्यांनी पिशवी उघडली, डबा लेकीच्या हातात दिला, सुतळी सोडली आणि चौदावं पान काढलं. सगळ्यांना दिसावी म्हणून वही त्यांनी मास्तरांच्या छत्रीच्या मुठीवर टेकवली. मास्तरांनी छत्री स्थिर धरली, सवयीचा हात.

मास्तरांनी वाचलं. मग मशीनवालीने. मग लेकीने वही ओढून घेतली.

"जिरवली म्हणजे?"

मोजणीदारांनी सांगितलं. अकरा प्लॉट, कागद मोठा, जमीन छोटी, मोकळा प्लॉट. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की ही गोष्ट दोन मिनिटांत सांगून होते, आणि अठ्ठावीस वर्षांत त्यांना तेवढा वेळ मिळाला नव्हता.

लेकीने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

"बाबा, कापड कमी पडलं ना, तर आम्ही सगळ्या शिवणींतून थोडं थोडं घेतो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "सगळं एका बाहीतून घेतलं तर माणसाने हात घालायचा कुठे?"

"हो."

"हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते. पहिल्या आठवड्यात!"

"हो गं."

"आणि तुम्ही मला म्हणालात डोळे झाकून..." तिने वाक्य सोडलं आणि डबा तिथेच ओढ्याच्या कठड्यावर ठेवून ती जिना चढून गेली. वरच्या चारही बायका कठड्यावरून नाहीशा झाल्या.

मास्तर खाकरले. "मग आता माझं दहा नंबर किती?"

"अकरा मीटर सत्त्याऐंशी," मशीनवाली म्हणाली. "सगळ्यांचंच."

"आणि जिना?"

"जिना तरीही बाहेर आहे." तिने मोजणीदारांकडे बघायचं टाळलं. "पण मग आठ नंबराची भिंतपण नऊ नंबरात आहे. जवळजवळ मीटरभर. आणि सात नंबराची आठमध्ये. सगळी गल्लीच सरकलीय काका. एकट्या नऊने अतिक्रमण केलंय असं नाही लिहिता येणार."

"एकटीने नाही, मग ठीक आहे," मास्तर म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी पुस्ती जोडली, "ठीक काही नाही. पण रेघ सरळ आहे."

दुपारी साहेबांनी वही दोन बोटांनी धरून वाचली. अकराही घरांना नोटिसा, फेरमोजणी, मोजणीदारांची चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत निवृत्तीची कागदपत्रं अडकलेली. "ही वही तुम्ही आणलीत कशाला?" ते अगदी मनापासून म्हणाले. "वाळवीला सांगितलं असतं तर त्याने हरवून दिली असती." संध्याकाळपर्यंत वेबसाइटवरच्या प्रत्येक नकाशाखाली एक नवी ओळ आली: हा नकाशा केवळ माहितीसाठी आहे. कोणती माहिती, ते लिहिलं नव्हतं.

लेकीचा फोन चार दिवस आला नाही. बायको तिच्याशी बोलत असे, पण मोजणीदार खोलीत आले की विषय हवामानावर जाई. पाचव्या दिवशी सकाळी फोन त्यांच्या मोबाइलवर आला.

"मिस्त्री आलाय. जिना आतून घ्यायचा म्हणतो, सासूबाईंच्या खोलीतून. त्यांचं अजून हो-नाही चाललंय. कुठपर्यंत तोडायचं त्याची रेघ हवी त्याला."

"मशीनवालीला पाठवतो. मला आता मोजता येत नाही. चौकशी चालू आहे."

"तुम्हाला अधिकृत कोण म्हणतंय? मिस्त्रीला रेघ हवीय. या."

ते गेले. आठ नंबरवाला स्वतःच्या भिंतीपाशी उभा राहून त्यांच्याकडे असा बघत होता की जणू ते भिंत खिशात घालून नेणार आहेत. मोजणीदारांनी खडू काढला, लांब टेप काढली, आणि टेपचं दुसरं टोक धरायला माणूस शोधू लागले. मिस्त्री पाणी आणायला गेला होता. लेक पुढे झाली, तिने टेपचं शून्याचं टोक घेतलं, आणि भिंतीपाशी उकिडवी बसली.

"घट्ट धर. ढिली पडली तर आकडा फुगतो."

"मला टेप धरायला शिकवू नका," ती वर न बघता म्हणाली. "मी धरलंय. तुम्ही तेवढं नीट वाचा."

मोजणीदार वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा वाचला. मग रेघ मारायच्या आधी तो पुन्हा एकदा वाचला, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असा.